पाठमोरी जोडपी : मुंबईच्या रस्त्यावरील मानवतावादी छायाचित्रणाचे स्वरूप आणि जबाबदारी

प्रस्तावना

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोडप्यांची रांग हे त्या शहराचे नित्याचे दृश्य आहे. मागे वाहनांचा ओघ, समोर अरबी समुद्र आणि मधल्या कठड्यावर शहराकडे पाठ फिरवून बसलेली माणसे. गेल्या अनेक दशकांत हे दृश्य असंख्य कॅमेऱ्यांनी टिपले आहे आणि बहुतेक वेळा ते पाठीमागूनच टिपले गेले आहे. प्रेक्षकाला दिसतात त्या दोन पाठी, जवळ आलेले दोन खांदे, कधी एकच छत्री. चेहरे दिसत नाहीत आणि तरीही चित्र अपुरे वाटत नाही.

या साध्या दृश्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. जोडप्याने शहराकडे पाठ का फिरवली, हा पहिला प्रश्न. छायाचित्रकाराने त्यांच्या समोर जाऊन चेहरे टिपण्याचे का टाळले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शहराच्या सामाजिक व आर्थिक घडणीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर छायाचित्रणाच्या नीतिविचारात शोधावे लागते. ‘मानवतावादी छायाचित्रण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेचा उगम, तिची साधने आणि तिच्यावरील आक्षेप यांचा परिचय करून देऊन मुंबईच्या संदर्भात या दोन प्रश्नांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाच्या अखेरीस हाच विचार शहादा परिसरातील महाविद्यालयीन अध्यापनाला कोणत्या रीतीने उपयोगी पडतो, याचेही दिग्दर्शन केले आहे.

मानवतावादी छायाचित्रण : संकल्पना आणि उगम

मानवतावादी छायाचित्रणाची परंपरा प्रामुख्याने फ्रान्समध्ये, १९३० च्या सुमारास आकाराला आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड-दोन दशकांत बहरली. ब्रासाई यांचे रात्रीच्या पॅरिसचे चित्रण, आंद्रे केर्तेझ यांची शांत, काहीशी एकाकी शहरदृश्ये, आँरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४), विली रोनिस (१९१०-२००९) आणि रॉबेर द्वानो (१९१२-१९९४) यांचे कार्य या परंपरेत मोडते. या छायाचित्रकारांच्या शैली एकमेकांपासून भिन्न होत्या. तथापि तीन गोष्टी त्यांच्यात समान आढळतात. पहिली, राजे, पुढारी व नामवंत यांच्याऐवजी सामान्य माणूस हा चित्राचा विषय. दुसरी, स्टुडिओऐवजी रस्ता, बाजार, कॅफे, नदीकाठ हे चित्राचे स्थळ. तिसरी, आपल्या विषयाकडे पाहण्याची आस्थेची दृष्टी.

युद्धाने होरपळलेल्या युरोपात या दृष्टीला विशेष अर्थ होता. मृत्यू, उपासमार आणि परकीय सत्तेचा अंमल अनुभवलेल्या समाजाला रोजचे जगणे पुन्हा सुरू झाल्याची खूण हवी होती. पाव घेऊन धावणारे मूल, नाक्यावरचा वादक आणि हातात हात घालून चालणारे जोडपे या त्या खुणा ठरल्या. प्रेमिकांचे जोडपे हा या परंपरेचा आवडता विषय होण्याचे एक कारण येथे आहे. युद्धानंतर जोडप्याचे चित्र म्हणजे भविष्यावरील विश्वासाचे चित्र होते.

या विचाराचे सर्वांत मोठे जाहीर दर्शन १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात घडले. एडवर्ड स्टायकेन यांनी मांडलेल्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनात ६८ देशांतील ५०३ छायाचित्रे होती. प्रेम, विवाह, जन्म, श्रम, दुःख आणि मृत्यू अशा क्रमाने सारी मानवजात एकच कुटुंब आहे, असे त्यात सूचित केले होते. पुढे हे प्रदर्शन जगभर फिरले आणि भारतातही दाखवले गेले.

कॅमेऱ्याची घडण आणि माणसांमधील अंतर

रस्त्यावरील छायाचित्रण एका यांत्रिक बदलामुळे शक्य झाले, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. तिपाईवर उभ्या करण्याच्या मोठ्या कॅमेऱ्यासमोर माणूस थांबतो, सावरतो, कपडे नीट करतो. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने हे चित्र बदलले. ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावत असे आणि एका रोलवर ३६ चित्रे घेता येत. छायाचित्रकार गर्दीतला एक माणूस होऊन वावरू लागला.

रस्त्यावर प्रत्येक वेळी फोकस करण्यास अवधी नसतो. त्यासाठी एक सोपी युक्ती रूढ झाली. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ/८ एवढे छिद्र आणि ३ मीटरवर आधीच लावून ठेवलेला फोकस, अशी जुळणी केली, तर सुमारे २ ते ७ मीटर अंतरातील सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. मग छायाचित्रकाराचे काम उरते ते योग्य जागी उभे राहण्याचे आणि योग्य क्षणी बटण दाबण्याचे. कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या ग्रंथाचे इंग्रजी नाव ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ असे होते. त्यावरून ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा जगभर रुळली. घटना आणि तिची दृश्य रचना एकाच क्षणी जुळून येणे, असा त्या संज्ञेचा स्थूल अर्थ सांगता येईल.

द्वानो यांनी अनेक वर्षे रोलिफ्लेक्स हा चौकोनी कॅमेरा वापरला. तो पोटाशी धरून वरून आत पाहावे लागते. त्यामुळे छायाचित्रकाराची मान खाली झुकलेली असते आणि समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाही.

कॅमेऱ्याची घडण अशा रीतीने दोन माणसांमधील नाते घडवत असते. लांब पल्ल्याच्या लेन्सने दूर अंतरावरून टिपलेले जोडपे आणि ३५ मिलिमीटर लेन्सने दोन-तीन मीटरवरून टिपलेले जोडपे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात छायाचित्रकार स्वतः दिसतो. त्याला हटकता येते. त्याच्याकडे पाहून नकाराची मान हलवता येते. पहिल्या प्रकारात ही संधीच उरत नाही. मानवतावादी परंपरेने साधारणपणे जवळच्या लेन्सला पसंती दिली, यात हा नैतिक आशयही सामावलेला आहे.

एका चुंबनाची कैफियत

जोडप्यांच्या छायाचित्रांतील गुंतागुंत समजून घेण्यासाठी द्वानो यांच्या एका प्रसिद्ध छायाचित्राचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते. १९५० मध्ये अमेरिकेतील ‘लाइफ’ नियतकालिकासाठी पॅरिसमधील प्रेमिकांवर त्यांनी एक चित्रमालिका केली. तीत पॅरिसच्या नगरभवनासमोर, गर्दीच्या रस्त्यात चुंबन घेणाऱ्या एका तरुण जोडप्याचे छायाचित्र होते. पुढील तीन दशके ते फारसे चर्चेत नव्हते. १९८६ मध्ये त्याचे भित्तिचित्र छापले गेले आणि ते लाखोंच्या संख्येने विकले गेले. पॅरिस म्हणजे प्रेमाचे शहर, ही प्रतिमा दृढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

प्रसिद्धीबरोबर वादही आला. चित्रातील माणसे आपणच असल्याचा दावा एका दांपत्याने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्या ओघात द्वानो यांनी स्पष्ट केले की ते दृश्य योजून घेतलेले होते. नाट्यशिक्षण घेणाऱ्या दोन तरुण प्रेमिकांना त्यांनी तसे करण्याची विनंती केली होती. मूळ चित्रातील स्त्रीनेही मोबदल्यासाठी दावा केला. १९९३ मध्ये दोन्ही दावे फेटाळले गेले. द्वानो यांनी तिला १९५० मध्ये दिलेली मूळ प्रत तिने २००५ मध्ये लिलावात विकली. तिला १,५५,००० युरो इतकी किंमत मिळाली.

या प्रकरणाने अनेकांचा भ्रमनिरास झाला. ‘उत्स्फूर्त’ मानलेले चित्र मांडणी करून घेतलेले निघाले. परंतु द्वानो यांच्या बाजूचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. रस्त्यात भेटलेल्या खऱ्या प्रेमिकांचे असे चित्र त्यांच्या संमतीशिवाय काढण्याचे धाडस आपण केले नसते, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. प्रेमात असलेल्या दोन माणसांना जगापासून काही लपवायचे असू शकते, याची जाणीव त्यामागे होती. सत्य आणि संमती या दोन मूल्यांपैकी त्यांनी संमती निवडली आणि सत्याच्या बाबतीत मात्र वाचकाला दीर्घकाळ अंधारात ठेवले.

याच्या उलट उदाहरण रोनिस यांचे आहे. १९५७ मध्ये बॅस्टिलच्या स्तंभावरील सज्जातून पॅरिस न्याहाळणाऱ्या एका जोडप्याचे छायाचित्र त्यांनी काढले. ते योजलेले नव्हते. जोडपे अनोळखी होते आणि त्यांच्यात काही बोलणेही झाले नाही. अनेक वर्षांनी रोनिस यांची त्या दोघांशी गाठ पडली, तेव्हा ती दोघे बॅस्टिलजवळच उपाहारगृह चालवत होती आणि ते चित्र त्यांच्या भिंतीवर लावलेले होते. येथे शेवट गोड झाला. पण तो तसाच होईल, याची खात्री बटण दाबतेवेळी कोणालाही नव्हती.

मुंबई : आडोशाच्या शोधातील जोडपी

पॅरिसमधील जोडपे रस्त्यावर दिसते तेव्हा ते आपले प्रेम जगासमोर मांडत आहे, असा अर्थ लावला जातो. मुंबईतील जोडप्याला हा अर्थ जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबईतील जोडपे पुष्कळदा रस्त्यावर येते ते घरात जागा नसते म्हणून. त्याला शोध असतो तो आडोशाचा, आणि या शहरात आडोसा मिळतो तो गर्दीतच.

या परिस्थितीचे मूळ घरांच्या प्रश्नात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि दहांपैकी सुमारे चार माणसे झोपडपट्टीत राहत होती. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभारलेल्या बीडीडी चाळींतील एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. अशा खोलीत दोन-दोन पिढ्या नांदल्या. नवविवाहितांना एकांत मिळावा म्हणून घरातील इतरांनी व्हरांड्यात वा गच्चीवर झोपणे, हा गिरणगावातील परिचित व्यवहार होता. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या मराठी चित्रपटाचे आणि त्यावर बेतलेल्या ‘पिया का घर’ (१९७२) या हिंदी चित्रपटाचे कथानक याच अडचणीवर उभे आहे. ‘घरौंदा’ (१९७७) या चित्रपटातील जोडप्याची सारी धडपड घर मिळवण्यासाठी आहे. प्रेक्षकांनी या चित्रपटांत आपले जगणे ओळखले.

मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा बँडस्टँड, वरळीचा किनारा या जागांचा वापर या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. समुद्राच्या कठड्यावर समोरून कोणी येत नाही. शहराकडे पाठ केली की ओळखीच्या नजरा तुटतात. भर उन्हात उघडलेली छत्री ही चार भिंतींची जागा घेते. शेजारी दोन हातांवर दुसरे जोडपे बसलेले असते आणि दोघांनीही एकमेकांकडे न पाहण्याचा अलिखित करार पाळलेला असतो. उघड्यावरचा हा एकांत शहरातील माणसांनी परस्पर सामंजस्यातून उभा केलेला आहे.

हे सामंजस्य नेहमी टिकते असे नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा परिसरातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले आणि सार्वजनिक असभ्य वर्तनाच्या कलमाखाली दंड केला. ही माणसे हॉटेलच्या बंद खोल्यांत होती, यावरून मोठी टीका झाली. २०२१ मध्ये बोरिवलीतील एका गृहसंस्थेबाहेर रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ अशी अक्षरे रंगवण्यात आली. घरात जागा नाही, भाड्याच्या खोलीत सुरक्षितता नाही आणि रस्त्यावर मज्जाव आहे, अशा तिहेरी कोंडीत मुंबईतील जोडपे उभे असते. या कोंडीत स्त्रीची स्थिती अधिक बिकट असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या ग्रंथात दाखवून दिले आहे की मुंबईसारख्या शहरातही रस्त्यावरील स्त्रीला आपल्या तेथे असण्याचे कारण सतत सिद्ध करावे लागते. निरुद्देश थांबण्याची मुभा पुरुषाला असते, तिला नसते.

मुंबईचे छायाचित्रकार

मुंबईच्या रस्त्याचे आस्थेने चित्रण करणाऱ्यांची परंपरा समृद्ध आहे. सूनी तारापोरवाला यांनी १९७० च्या दशकापासून आपल्या शहराची कृष्णधवल छायाचित्रे काढली आणि ती ‘होम इन द सिटी’ या संग्रहात एकत्र केली. ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) या चित्रपटाची पटकथाही त्यांचीच. पाब्लो बार्थोलोम्यू यांनी १९७० व १९८० च्या दशकांतील दिल्ली, मुंबई व कलकत्ता येथील आपल्या भोवतालचे, मित्रमंडळींचे जगणे टिपले. केतकी शेठ यांचा ‘बॉम्बे मिक्स’ हा रस्त्यावरील छायाचित्रांचा संग्रह २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांनी ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ (१९९४) या ग्रंथात रंगीत फिल्मचा वापर करून आरसे, दुकानांच्या काचा आणि त्यांतील प्रतिबिंबे यांतून शहराचे अनेक थर एका चौकटीत आणले.

रघू राय यांचे चर्चगेट स्थानकावरील १९९५ चे छायाचित्र तंत्र व आशय यांच्या मेळाचे उत्तम उदाहरण आहे. शटर काही काळ उघडे ठेवल्यामुळे फलाटावरून धावणारी गर्दी धुरासारखी पसरट झाली आहे आणि वर्तमानपत्र वाचत स्थिर बसलेली मोजकी माणसे तेवढी स्पष्ट उमटली आहेत. शहराचा वेग आणि त्या वेगात माणसाने मिळवलेला स्वतःपुरता थांबा, या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात येतात.

मराठी छायाचित्रकारांपैकी सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेली कृष्णधवल मालिका येथे विशेष उल्लेखनीय आहे. गटारात उतरलेला, कचऱ्याच्या ढिगात उभा असलेला कामगार तीत दिसतो. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. जात आणि श्रम यांचा संबंध नजरेआड करून मुंबईचा रस्ता समजत नाही, हे या मालिकेने ठसवले. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंत आणि वारी यांवर दीर्घकाळ केलेले कामही याच वृत्तीचे आहे. एका झटक्यात टिपण्यापेक्षा माणसांत वारंवार जाणे, ही त्या कामाची रीत.

रोजच्या जगण्यातील जोडपे म्हणजे केवळ कठड्यावरचे प्रेमिक नव्हेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. भाजीची गाडी लावणारे नवरा-बायको, पदपथावर चूल मांडणारे कुटुंब, मासेमारी करून परतलेला कोळी आणि ती मासळी बाजारात विकणारी त्याची पत्नी, हीही जोडपीच. लोकलने कामावर जाणारी पती-पत्नी गर्दीच्या वेळी वेगवेगळ्या डब्यांत चढतात आणि उतरल्यावर जिन्यापाशी एकमेकांची वाट पाहतात. त्यांच्या सहजीवनाचा मोठा भाग अशा वाट पाहण्यात जातो. मानवतावादी छायाचित्रणाचा खरा विषय हे साधे क्षण आहेत.

सार्वत्रिक माणूस की विशिष्ट माणूस?

‘द फॅमिली ऑफ मॅन’ प्रदर्शन पॅरिसला आले तेव्हा फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. त्यांचा हा लेख ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) या ग्रंथात समाविष्ट आहे. माणसे सर्वत्र जन्मतात, प्रेम करतात, कष्ट करतात आणि मरतात, असे म्हटल्याने काहीच उलगडत नाही, असा त्या आक्षेपाचा गाभा आहे. मूल जन्मते हे खरे. पण ते जगते की मरते, हे इतिहासाने ठरते. श्रम सर्वत्र असतात. पण कोणाचे श्रम कोणाच्या नफ्यासाठी, हा प्रश्न ‘सारी माणसे एक’ या वाक्याखाली दडपला जातो. त्या प्रदर्शनात निरनिराळ्या देशांतील वयस्क जोडप्यांची छायाचित्रे एकत्र लावून त्यांवर एकच वचन दिलेले होते. बार्थ यांचा आक्षेप अशा मांडणीला नेमका लागू पडतो.

मुंबईतील पाठमोऱ्या जोडप्याचे चित्र ‘प्रेम सर्वत्र सारखेच’ या ओळीखाली छापले, तर १६० चौरस फुटांची खोली, पोलिसांचा दंड आणि स्त्रीवरील नजर हे सारे पुसले जाते. उरते ते एक गोड भित्तिचित्र. छायाचित्राखालची ओळ चित्राइतकीच बोलते. त्यामुळे मानवतावादी छायाचित्रणाची कसोटी आस्थेवर थांबत नाही. जोडपे कोणत्या जमिनीवर उभे आहे, ते चित्रातून अथवा त्याच्या संदर्भातून कळते काय, हे पाहावे लागते. ओलवे यांची मालिका या कसोटीला उतरते, कारण तीत माणसाची प्रतिष्ठा आणि त्याच्यावरील अन्याय ही दोन्ही एकाच वेळी दिसतात.

कायदा, संमती आणि जोखीम

सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र घेण्यास भारतात सर्वसाधारण बंदी नाही. स्त्रीच्या खाजगी कृतीचे चोरून चित्रण करणे हा मात्र २०१३ पासून दंडनीय अपराध आहे. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-क (इंग्रजी ‘सी’) मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये समाविष्ट आहे. मरीन ड्राइव्हवर उघडपणे बसलेल्या जोडप्याचे चित्र या तरतुदीत सहजी बसत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. व्यक्ती सार्वजनिक जागेत आली म्हणून तिचा खाजगीपणा संपुष्टात येत नाही, हे तत्त्वही त्यात मांडले गेले. कठड्यावरील जोडपी हे तत्त्व आधीपासूनच आचरणात आणत होती, असे म्हणता येईल.

कायद्यापेक्षाही मोठा प्रश्न जोखमीचा आहे. आंतरजातीय वा आंतरधर्मीय जोडप्याच्या दृष्टीने एक छायाचित्र हा पुरावा ठरू शकतो. कुटुंब अथवा जातसमूह यांच्याकडून अशा जोडप्यांवर होणाऱ्या हिंसेची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी प्रकरणात राज्यांना प्रतिबंधक उपाय, विशेष कक्ष व सुरक्षित निवारा यांविषयी निर्देश दिले. पॅरिसमध्ये ओळख पटल्याने मोबदल्याचा दावा दाखल झाला. आपल्याकडे ओळख पटल्याने जीव धोक्यात येऊ शकतो. पूर्वी एखादे चित्र नियतकालिकात छापून विस्मरणात जात असे. आता ते मोबाइलवरून क्षणार्धात गावापर्यंत पोहोचते. म्हणून द्वानो यांच्या काळात पुरेशी वाटणारी सावधगिरी आज अपुरी आहे.

जोखीम ओळखूनही चित्र काढता येते, याचे उदाहरण सुनील गुप्ता यांच्या ‘एक्झाइल्स’ (१९८६-८७) या मालिकेत मिळते. समलैंगिक संबंध गुन्हा मानले जात होते, त्या काळात दिल्लीतील समलैंगिक पुरुषांचे चित्रण त्यांनी त्यांच्या सहकार्याने, शहरातील परिचित वास्तूंच्या पार्श्वभूमीवर केले. बहुतेक चित्रांत चेहरे ओळखू येणार नाहीत अशी मांडणी केलेली आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. त्यापूर्वीच्या तीन दशकांचा एकांत या पाठमोऱ्या आकृतींत साठलेला आहे. येथे पाठ दाखवणे ही चित्रातील माणसांची आणि छायाचित्रकाराची संयुक्त निवड आहे.

शहादा परिसर आणि अध्यापन

मुंबईच्या संदर्भातील हा विचार नंदुरबार जिल्ह्यातील अध्यापकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्पांना स्थान मिळाले आहे, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होत असतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात कॅमेरा आहे. तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी यात्रा व घोडेबाजार, शहराचे बसस्थानक, आठवडे बाजार ही सारी रस्त्यावरील छायाचित्रणाची सहज उपलब्ध क्षेत्रे आहेत.

या क्षेत्रांतील जोडप्याचे चित्र वाचण्यास परिसराचे ज्ञान लागते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी निघालेली पती-पत्नी बोचकी घेऊन वाहनाची वाट पाहत बसलेली दिसतात. प्रेक्षकाला ते कष्टाळू संसाराचे हृद्य चित्र वाटेल. ऊसतोडीच्या व्यवहारात मात्र नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, अशी गणना होते आणि उचलही त्या हिशेबाने दिली जाते. जोडपे हे तेथे श्रमाचे एकक आहे. एवढी माहिती छायाचित्राखालच्या ओळीत आली, तर त्याच चित्राचा अर्थ पालटतो.

दुसरे उदाहरण होळीपूर्वी सातपुड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांचे आहे. सणाच्या खरेदीसाठी भरणाऱ्या या बाजारात नटूनथटून आलेल्या आदिवासी तरुण-तरुणींची छायाचित्रे ‘प्रेमिकांचा उत्सव’, ‘पळून जाण्याचा मेळा’ अशा ओळींखाली वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आली आहेत. आदिवासी अभ्यासक व कार्यकर्ते यांनी या वर्णनावर सातत्याने हरकत घेतली आहे. होळीसाठी गूळ, डाळ्या, कपडे घेण्यास आलेली बहीण-भावंडे वा गावकरी या ओळीमुळे एका क्षणात प्रेमिक ठरतात. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तेथील महाविद्यालयांनी हा दोष दुरुस्त करण्यात पुढाकार घेणे औचित्याचे ठरेल. वर्गात बसलेला विद्यार्थी हा अनेकदा त्याच छायाचित्रातील माणसाचा नातलग असतो.

प्रकल्पातील प्रत्येक छायाचित्रासाठी विद्यार्थ्याने चार प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत, अशी पद्धत अवलंबता येईल. चित्रातील माणसांना आपण दिसलो होतो काय? त्यांना नकार देण्याची संधी होती काय? त्यांचे गावकरी, मालक किंवा नातलग यांनी हे चित्र पाहिले तर त्यांचे काय नुकसान होऊ शकेल? आणि खालच्या ओळीत आपण जे लिहिले, ते त्यांच्याकडून कळले की आपण गृहीत धरले? या प्रश्नांसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. चित्र घेतल्यानंतर ते त्या माणसांना दाखवणे आणि शक्य असेल तेथे छापील प्रत नेऊन देणे, ही जोडीची सवय लावता येईल. अनेक कुटुंबांकडे पती-पत्नीचे एकत्र असे चांगले छायाचित्र नसते. ती प्रत त्यांच्या भिंतीवर लागेल.

समारोप

मानवतावादी छायाचित्रणाने सामान्य माणसाला चित्राच्या मध्यभागी आणले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य निर्विवाद आहे. मात्र आस्था असली की जबाबदारी पार पडली, असे मानणे पुरेसे नाही, हे द्वानो यांच्या चुंबनचित्राचा इतिहास, बार्थ यांचा आक्षेप आणि मुंबईतील जोडप्यांची कोंडी यांवरून स्पष्ट होते. जोडप्याचे चित्र मानवतावादी ठरण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत : ते जोडपे ज्या परिस्थितीत उभे आहे तिचे भान, आणि त्या चित्रामुळे त्यांच्यावर ओढवू शकणाऱ्या परिणामांची जाणीव.

मरीन ड्राइव्हवरील पाठमोऱ्या जोडप्याने शहराकडे पाठ फिरवून आपल्यापुरता आडोसा निर्माण केलेला असतो. मागे उभा राहून, चेहऱ्यापर्यंत न जाता चित्र घेणारा छायाचित्रकार तो आडोसा मोडत नाही. शहाद्याच्या बसस्थानकावर मोबाइल उंचावणाऱ्या विद्यार्थ्याला एवढा एक विवेक देता आला, तरी छायाचित्रणाच्या अध्यापनाचा मोठा भाग पूर्ण झाला असे म्हणता येईल.